औषध सात दिवसांचं, मुक्काम महिन्याचा: कॅन्सरच्या लांब ॲडमिशनची तयारी

"औषध सात दिवस चालेल, पण दवाखान्यात महिनाभर राहावं लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही घरचे चौघं समोर बसलो होतो आणि चौघांनीही मान डोलावली. बाहेर आल्यावर भावजयीने हळूच विचारलं, "ताई, मग बाकीचे तीन आठवडे कशासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच नीट कळलं असतं, तर आमची निम्मी धावपळ वाचली असती. म्हणून आधी तेच सांगते. कारण काय न्यायचं, कुणाला थांबवायचं, काय खायला द्यायचं, पाहुण्यांना काय सांगायचं, हे सगळं त्या एका उत्तरातून निघतं.

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबर छाटणीची मजुरांशी बोलणी चालू असताना, ताप आणि हिरड्यांतून रक्त येण्याचं निमित्त झालं आणि तपासणीत अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया निघाला. रक्ताचा कॅन्सर. उपचार नाशिकमध्येच झाले.

महिना का लागतो

हाडांच्या आतल्या मऊ मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्तातल्या पेशी तयार होतात. लाल पेशी प्राणवायू नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. ल्युकेमियात या मगजात अर्धवट वाढलेल्या, बिनकामाच्या पेशींची दाटी होते आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. या आजारात पहिल्या फेरीला बऱ्याचदा सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन दिवस देतात. वॉर्डात त्याला 'सेव्हन प्लस थ्री' म्हणतात. हे औषध वाईट पेशी मारतं, पण चांगल्या पेशींना जन्म देणाऱ्या पेशींनाही मोठा तडाखा बसतो. मगज जवळजवळ रिकामा होतो.

भावाला हे त्याच्या भाषेत लगेच कळलं. एप्रिलच्या खरड छाटणीत आपण जुनी काडी काढून टाकतो, ओलांडे उघडे पडतात, बाग वाळलेल्या लाकडासारखी दिसते. मग डोळे फुटायची वाट पाहायची. फूट निघेपर्यंत बागेला जपायचं. "म्हणजे माझी खरड छाटणी आहे ही," तो म्हणाला. याहून चांगलं मी आजवर कुणाकडून ऐकलेलं नाही.

आता आकडे. रक्तातली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. प्लेटलेट सात ते दहा दिवस. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा तुटून पडणाऱ्या पेशी, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. मगजातून नवा माल येणं थांबलं की न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट आधी संपतात. औषध सुरू झाल्यापासून साधारण दुसऱ्या आठवड्यात हे आकडे तळाला जातात, तिथे काही दिवस राहतात आणि बहुतेकांमध्ये तिसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास वर यायला लागतात. दवाखान्यात ठेवतात ते या मधल्या पोकळीसाठी. त्या दिवसांत साधा जंतूसुद्धा काही तासांत रक्तात पसरू शकतो.

रिपोर्टमध्ये एक आकडा रोज पाहायला शिका: एएनसी, म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिलची मोजणी. तो लिहिलेला नसेल तर काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि त्यात न्यूट्रोफिल २० टक्के, तर एएनसी झाला २४०. हा आकडा ५०० च्या खाली गेला की धोका मोठा. आम्ही शंभर पानी वहीत रोज चार रकाने भरायचो: हिमोग्लोबिन, एएनसी, प्लेटलेट, सर्वांत जास्त ताप. चौथ्या आठवड्यात एएनसीचे ४०, ९०, १८०, ४१० असे आकडे चढताना पाहणं हा त्या खोलीतला सर्वांत मोठा आनंद होता.

यातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या आठवड्यात पेशंट बऱ्यापैकी दिसतो. बोलतो, बसतो, थोडं खातो. सगळे नातेवाईक त्याच आठवड्यात धावून येतात, रजा खर्च करतात, रात्री थांबतात आणि "बरा आहे की" म्हणत घरी जातात. खरी कसोटी दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात असते. तेव्हा ताप असतो, तोंड सोललेलं असतं, रोज रक्त किंवा प्लेटलेट लागतात आणि नेमकी तेव्हा घरची माणसं थकून गेलेली असतात. म्हणून मदतीला येणाऱ्यांना पहिल्या दिवशीच सांगा: आत्ता नको, दहाव्या दिवसानंतर ये. आम्हाला हे दुसऱ्या फेरीला सुचलं.

लांब मुक्काम फक्त याच आजारात असतो असं नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये स्वतःच्याच पेशी परत द्यायच्या असतील तर साधारण दोन-तीन आठवडे आणि दुसऱ्याच्या पेशी असतील तर चार ते सहा आठवडे राहावं लागतं. गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत, तेही नियम आणखी कडक करून. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन सहा-सात आठवडे चालतं. त्यात बरेच जण ॲडमिट नसतात, पण गावाकडच्या माणसाला शहरात बिऱ्हाड करावंच लागतं. खाली लिहिलेलं बरंच काही त्यांनाही लागू पडेल.

औषध लागण्याआधी उरकायच्या गोष्टी

तीव्र ल्युकेमियात वेळ फार कमी मिळतो, कधी दोन-तीन दिवस, कधी तोही नाही. त्यामुळे सगळं होणार नाही. पण एक गोष्ट निसटली तर पुन्हा मिळत नाही, म्हणून ती सर्वांत आधी सांगते. केमोमुळे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते किंवा जाऊ शकते. पुरुष पेशंट असेल आणि पुढे मूल हवं असण्याची थोडीही शक्यता असेल, तर औषध सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. एका दिवसाचं काम आहे. आम्हाला हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. एका सिस्टरांनी बाजूला घेऊन भावजयीला विचारलं म्हणून झालं. अविवाहित मुलगा असेल तर घरात हा विषय काढायला सगळे संकोचतात. तुम्ही काढा. मुली आणि बायकांसाठी स्त्रीबीज गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढी उसंत तीव्र ल्युकेमियात बहुधा नसते. तरी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. शिवाय प्लेटलेट उतरल्यावर पाळीत फार रक्त जाऊ शकतं म्हणून पाळी थांबवायचं औषध देतात. शेवटची पाळी कधी आली होती, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

दात. किडलेली दाढ, हलणारा दात, सुजलेली हिरडी ही जंतूंची उघडी दारं. वेळ मिळत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. पण रक्ताच्या कॅन्सरचं निदान झाल्यावर स्वतःच्या मनाने दात काढायला जाऊ नका, रक्त थांबत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून मगच.

सुईचा प्रश्न. महिनाभर रोज रक्त काढायचं, औषध द्यायचं, हाताच्या शिरा टिकत नाहीत. म्हणून दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी घालतात, ती पिक लाइन. काहींना छातीत कातडीखाली पोर्ट बसवतात. ही नळी ओली होऊ द्यायची नाही आणि तिची पट्टी साधारण आठवड्याने, सिस्टरांच्याच हातून बदलायची. आंघोळीला दंडावर प्लास्टिक गुंडाळावं लागतं. आणि म्हणूनच कपडे पुढून बटणं असलेले, सैल बाह्यांचे घ्या. डोक्यावरून घालायचे टी-शर्ट निम्म्या वेळा उपयोगाचे नसतात.

बांगड्या, अंगठी, जोडवी, मंगळसूत्र घरी काढून ठेवलेलं बरं. हातांना सूज येते, अंगठी रुतते, काच फुटली तर प्लेटलेट कमी असताना ती लहान जखम राहत नाही. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मावशींना मंगळसूत्र काढायचं फार जिवावर आलं होतं. त्यांच्या सुनेने ते एका डबीत घालून देवघरात ठेवलं आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. असा मार्ग निघतो, पण दवाखान्याच्या दारात घाईघाईने निघत नाही.

केस दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहून बसणारा धक्का थोडा हलका होतो.

एक मोठा प्रश्न मात्र कोणत्याच यादीत नसतो: पेशंटला सांगायचं का? आपल्याकडे अजूनही "त्यांना कळू देऊ नका, टायफॉइड सांगितलाय" असं चालतं. मी ठामपणे म्हणेन, सांगा. महिनाभर माणूस ज्या वॉर्डात राहणार तिथली पाटी तो वाचतो, शेजारच्याशी बोलतो, केस गळताना पाहतो. त्याला कळतंच आणि मग घरच्यांशी बोलायचं दार बंद होतं. ज्याला ठाऊक आहे तोच "छातीत थोडं दुखतंय" वेळेवर सांगतो. पिशव्या भरायच्या आधी हे बोलणं करा.

पैसे आणि कागद

रेशनकार्ड आणि आधार यांच्यावरचं नाव जुळतंय का, हे आजच पाहा. एका मात्रेच्या, एका आडनावाच्या फरकाने अर्ज अडतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत महाराष्ट्रात एकत्र चालतात आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. चौकशीचा फोन १५५३८८ किंवा १८००२३३२२००. विचारायचं ते असं: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि आपला आजार, आपली केमो या रुग्णालयात योजनेतून होते का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा विचारायचा राहून जातो. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. भरलेलं बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका.

धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा.

खासगी विमा असेल तर खोलीभाड्याची अट आधी वाचा. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि खोलीभाड्याला रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा आहे. तुम्ही १०,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ५,००० तुमच्या खिशातून जातात असं नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाशी बांधलेले खर्चही कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच देते. औषधांना आणि तपासण्यांना सहसा ही कात्री लागत नाही. एका महिन्यात हा फरक लाखांत जातो. एकट्या पेशंटची खोली वैद्यकीय गरज म्हणून दिली असेल तर डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या.

मुंबईला जावं लागणार असेल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात मोठी सवलत असते. त्याचा ठरलेला फॉर्म रुग्णालय भरून देतं. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, उपचार असतील तर राहण्याची सोय जाण्याआधी बघा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा पेशंटांना आणि नातेवाइकांना सामावून घेते. रुग्णालयाचा समाजसेवा विभाग आणखी ठिकाणं सांगतो.

आणि घरचे व्यवहार. पेशंट कर्ता असेल तर मोबाइलचा पिन, बँकेची सही, विकास सोसायटीचं कर्ज, वीजबिल, मुलांची फी, हे सगळं एका संध्याकाळी बसून वहीत उतरवा. भावाच्या वेळी ऑक्टोबर छाटणी चुलतभावाने अंगावर घेतली, पण फवारणीचं वेळापत्रक भावाच्या डोक्यात होतं. ते त्याने ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री सांगितलं आणि पुतणीने लिहून घेतलं. बाग वाचली हे महत्त्वाचं आहेच. पण तो महिनाभर मनाने शांत झोपला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

प्लेटलेटचे दाते आधीच गोळा करा

नाशिकमध्ये डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी माहीत आहे. तरी इथे गोष्ट थोडी वेगळी आहे. निरोगी माणसाच्या प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. केमोनंतर त्या १०,००० च्या खाली गेल्या की रक्तस्राव होत नसला तरी चढवतात, ताप किंवा रक्तस्राव असेल तर त्याआधीही. आणि ही गरज एकदाची नसते, दोन-तीन आठवडे, कधी एक दिवसाआड.

प्लेटलेट दोन प्रकारे मिळतात. साध्या रक्तदानातून वेगळ्या काढलेल्या, त्यांना आरडीपी म्हणतात. किंवा एकाच दात्याला मशीनला जोडून फक्त प्लेटलेट काढून बाकी रक्त त्याला परत देतात, ती एसडीपी. एक एसडीपी बऱ्याच आरडीपींचं काम करते आणि पेशंटला एकाच दात्याचं रक्त लागतं. पण साठवण जेमतेम पाच दिवसांची. पिशवी फ्रिजमध्ये नव्हे, खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवतात. म्हणून आज घेऊन पुढच्या आठवड्यासाठी ठेवू असं होत नाही. दाता वेळेवर हवा.

दात्याचं वय १८ ते ६०, वजन किमान ५० किलो, दंडाची शीर ठळक, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखांवर आणि मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं नको. मशीनवर साधारण तास-दीड तास जातो, त्याआधी तपासण्या. उपाशीपोटी येऊ नये. एकदा दिल्यावर ४८ तासांनी पुन्हा देता येतात, पण आठवड्यातून दोनदाच. आमच्या गावाहून पहिल्या दिवशी एका जीपमध्ये आठ पोरं आली. प्रेमाने आली, पण गरज होती एकाची. उरलेले सात पुन्हा रजा काढू शकले नाहीत. दुसऱ्या फेरीला आम्ही वीस नावांची यादी केली, रक्तगट आणि फोन लिहिले, आणि एकेकाला त्याचा दिवस सांगून ठेवला.

एक धोक्याची गोष्ट. पुढे ट्रान्सप्लांट होण्याची शक्यता असेल तर सख्ख्या भाऊ-बहिणींचं, आई-वडिलांचं रक्त किंवा प्लेटलेट पेशंटला देऊ नका. ज्याच्या मगजाच्या पेशी उद्या घ्यायच्या, त्याच्याविरुद्ध शरीर आधीच सावध होऊ शकतं. घरचा माणूस सगळ्यात पुढे होतो, त्याला थांबवणं अवघड जातं. मीच पहिल्या दिवशी दंड पुढे केला होता. अशा पेशंटांना रक्त इरॅडिएटेड, म्हणजे किरणांनी प्रक्रिया केलेलं, लागेल का हेही विचारा.

खाणं, द्राक्षं आणि तीर्थ

एएनसी खाली असताना नियम एवढाच: नीट शिजलेलं, ताजं, गरम. वरणभात, मऊ खिचडी, फुलका, घट्ट उकडलेलं अंडं, उकळलेलं दूध. कच्ची कोशिंबीर, चटणी, वरून घातलेली कोथिंबीर, मिसळीवरचा कच्चा कांदा, बाहेरचं काहीही नको. फळ हवं असेल तर जाड सालीचं, साल काढून: केळं, संत्रं. दह्याबद्दल आणि घरच्या डब्याबद्दल रुग्णालयांचे नियम वेगवेगळे असतात, आपल्या डॉक्टरांचं ऐका. पूर्वी फार कडक पथ्य सांगत. त्याने संसर्ग कमी होतो असा भक्कम पुरावा मिळालेला नाही, त्यामुळे आता जोर स्वच्छतेवर आणि शिजवण्यावर आहे.

आणि द्राक्षं. आपल्या जिल्ह्यात आजाऱ्याला भेटायला जाताना हातात द्राक्षांची पेटी असते, त्यातही आम्ही बागायतदार. पण द्राक्षाची साल काढता येत नाही आणि घडाच्या आत पाणी नीट पोहोचत नाही. भावाची तिसरी फेरी जानेवारीत झाली. त्याच्याच बागेतला पहिला घड काकांनी आणला. तो त्याला खाता आला नाही. त्याने तो हातातही न घेता लांबून पाहिला. काकांना आधी कल्पना दिली असती, तर दोघांचंही मन राखता आलं असतं.

रामकुंडाचं तीर्थ, गावच्या देवाचा अंगारा, प्रसाद, हे सगळं येतं आणि त्यामागे जीव असतो. माझं म्हणणं असं: श्रद्धा तशीच राहू द्या, पण न उकळलेलं पाणी, ते कुठलंही असो, त्या दिवसांत तोंडात जाता कामा नये. तीर्थ घरच्या देवापुढे ठेवा, अंगारा पुडीत बांधलेलाच घरी ठेवा, प्रसाद घरच्यांनी घ्या. हार-फुलं, कुंडीतली तुळस हेही खोलीत नको, मातीत आणि फुलदाणीच्या पाण्यात बुरशी व जंतू असतात.

पपईच्या पानांचा रस प्लेटलेटसाठी दहा जण सुचवतील. केमोनंतर प्लेटलेट उतरतात त्या मगज रिकामा झाल्यामुळे, आणि मगज भरायला वेळच लागतो. कच्च्या पानांचा रस मात्र जंतू थेट पोटात नेतो. गुळवेलीचा काढा, घरगुती भस्मं यांनी यकृतावर ताण येऊ शकतो आणि मग केमो पुढे ढकलावी लागते. काही दिलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, ते रागावले तरी.

तोंड येणं हा या महिन्यातला सर्वांत छळणारा त्रास. मऊ ब्रश आणि दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या: कपभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा. तोंड यायच्या आधीपासून सुरू करा. शौचाला त्रास झाला, त्या जागी दुखलं, तर लाजून गप्प राहू नका. तिथली चीरसुद्धा संसर्गाचं दार ठरते. एनिमा वगैरे स्वतःहून अजिबात नको. डॉनोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते औषधाचा रंग असतो, घाबरू नका. केमोच्या दिवसांत आणि नंतर ४८ तास संडासचं झाकण लावून दोनदा पाणी सोडा आणि गरोदर बाईने पेशंटची लघवी-उलटी हाताळू नये.

पिशवी

पिशवीची चिंता लोक सर्वांत जास्त करतात आणि ती सर्वांत सोपी आहे. बटणाचे सुती कपडे सात-आठ जोड, न घसरणारी चप्पल, कानटोपी, ओठांना लावायचं मलम, डिजिटल थर्मामीटर, लांब वायरचा चार्जर, वही-पेन, कानात घालायचे हेडफोन, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेली फाइल आणि कागदपत्रांच्या दहा-दहा झेरॉक्स. दाढीला ब्लेड नको, इलेक्ट्रिक मशीन. काही विसरलं तर दुसऱ्या दिवशी आणता येतं.

सोबतीचा माणूस

एका वेळी एकच जण थांबू शकतो आणि त्याला बाकावर झोपावं लागतं. तीन रात्रींच्या वर एकाच माणसाला ठेवू नका. आमची भावजय अकरा रात्री सलग थांबली, कारण तिला उठायला कुणी सांगितलं नाही आणि तिने मागितलं नाही. बाराव्या दिवशी तिलाच ताप आला आणि ती आठवडाभर खोलीत येऊ शकली नाही. पाळ्या कागदावर लिहा, नावानिशी. ज्याला शिंक, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ आहे त्याने पाळी सोडायची, त्यात लाज नाही. थांबणाऱ्यांनी फ्लूची लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. शाळेत जाणारी मुलं बऱ्याच वॉर्डांत सोडत नाहीत. भावाच्या मुलीसाठी आम्ही रात्री आठची वेळ ठरवली, ती फोनवर पाढे म्हणून दाखवायची.

भेटायला येणाऱ्यांना नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. म्हणून नाही म्हणायचं काम एकाच माणसाकडे द्या आणि तो पेशंट किंवा त्याची बायको नको. आमच्याकडे ते मी केलं. ग्रुपवर रोज संध्याकाळी एकच मेसेज टाकायचे: आजचा ताप, आजचे आकडे, उद्या काय लागेल. लोकांना बातमी हवी असते, ती मिळाली की निम्मे लोक यायचे थांबतात. चार जण नाराज झाले. पुढे समजले.

दिवसाला आकार द्या. खाटेवर पडून राहिलं की पायांतली ताकद दोन आठवड्यांत जाते. डॉक्टरांची परवानगी असेल तोवर खोलीतल्या खोलीत चालणं आणि फुफ्फुसासाठी तीन चेंडूंचं ते फुंकायचं नव्हे तर ओढायचं यंत्र, दर तासाला दहा वेळा. भाऊ प्रत्येक श्वासाला एक ओळ मोजायचा, बागेतल्या वेलींची.

घरी आल्यावर

आकडे वर आले की सुट्टी मिळते, पण बहुतेकांना पुढच्या फेऱ्या असतात आणि त्या फेऱ्यांमध्ये आकडे पुन्हा उतरतात, कधी घरी असताना. घर झाडून ठेवा, पण पेशंट आत येण्याच्या आधी. चालू बांधकाम, ओल धरलेली भिंत, पाण्याचा कूलर, गोठा, शेणखत, वाळलेला चारा, यांच्या धुळीत फुफ्फुसात वाढणारी बुरशी असते. शेतकरी माणसाला गोठ्याकडे जाऊ नको म्हणणं कठीण, म्हणून आम्ही पहिले तीन महिने भावाला नाशिकमध्ये माझ्याकडेच ठेवलं. रुग्णालय अर्ध्या तासावर हवं, हेही कारण होतंच.

आणि ताप. तोंडाने किंवा काखेत, घरच्या थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट दिसला की निघायचं. गोळी घेऊन झोपून पाहायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही, गल्लीतल्या डॉक्टरांकडे आधी जायचं नाही. तापाच्या गोळीने आकडा उतरतो, संसर्ग नाही. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य "केमो चालू आहे आणि ताप आलाय" हेच, कारण अशा पेशंटला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळायला हवं. आमच्या घरी फाइल, पाण्याची बाटली, चार्जर आणि एक जोड कपडे अशी पिशवी दाराशी टांगलेली असायची, गाडीत पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचो नाही. सिंहस्थाच्या पर्वणीला किंवा विसर्जनाच्या दिवशी पंचवटी-रविवार कारंजाकडचे रस्ते बंद असतात, तुमचं घर त्या बाजूला असेल तर दुसरा रस्ता ठरवून ठेवा. पहिल्यांदा ताप आला तेव्हा रात्रीचे पावणेतीन झाले होते. आम्ही मुख्य दाराशी उभे राहिलो, ते बंद. आत जायचं दार इमारतीच्या मागच्या बाजूला होतं, ते शोधण्यात दहा मिनिटं गेली. तुमच्या रुग्णालयाचं रात्रीचं दार कुठलं आहे, ते दिवसा एकदा जाऊन बघून या.